दहा बोटं

दुसऱ्यांदाही ठसे परत आले.
'अस्पष्ट'. एवढाच शेरा.
काउंटरवरची बाई म्हणाली, रात्री व्हॅसलीन लावून झोपा,
आठवडाभर भांडी घासू नका.
एकोणीस वर्षं पाइप जोडले मी ओडेसाच्या तेलपट्ट्यात,
ग्राइंडरनं बोटांवरचं सगळं कधी नेलं
कळलंसुद्धा नाही.
मी मीच आहे हे टेक्सास राज्याला पटेना.
अंगठाबहाद्दर व्हायचीही सोय उरली नव्हती.

शेवटी नावावरून तपासलं मला.
लेलँड किरोगा, वय बेचाळीस, गुन्हा नाही.
परवाना तात्पुरता. मुदत एक वर्ष.
सातवीचं विज्ञान.

वर्षभरात काय काय करायचं त्याची यादी
फ्रिजवर लावली, लोहचुंबकाखाली.
तीनशे तासांचं प्रशिक्षण, त्यातलं बरंचसं रात्री,
लॅपटॉपवर, जेवणाचं ताट मांडीवर.
फिट आलेल्या मुलाला कुशीवर कसं वळवायचं.
गप्प झालेल्या मुलाशी काय बोलायचं,
आणि काय मुळीच बोलायचं नाही.
प्रत्येक व्हिडिओनंतर पाच प्रश्न.
डुलकी लागली की पडदा विचारायचा,
तुम्ही अजून आहात का?

एका पेपरात दोन गुण कमी पडले.
पुन्हा फी. ओडेलियानं दिली,
माझी धाकटी बहीण, तिच्या सलूनच्या टिपांतून.
म्हणाली, परत करू नकोस, पास हो.
मग थोडं थांबून: पास झालास की परत कर.

समोरच्या वर्गातल्या नदीन प्रुइट,
बत्तीस वर्षं त्याच खोलीत,
त्यांनी सांगितलं, फसलेला तासही फाइलला लाव.
मी म्हटलं, मग दोन फाइली लागतील.
त्या हसल्या नाहीत.
कपाटातून तिसरी काढून दिली.

नोव्हेंबरात निरीक्षक येणार होत्या, लबकहून, गाडी चालवत.
मी ठसेच घेतले शिकवायला.
पेन्सिलीचं शिसं कागदावर घासायचं,
बोट त्यावर, मग चिकटपट्टीवर,
पट्टी पांढऱ्या कार्डावर.
वर्गभर काळी नाकं, काळ्या बाह्या.
मारिसेलाला भोवरा मिळाला,
डकोटाला कमान, ती म्हणे फार कमी लोकांना असते,
त्यामुळे तो तासभर कुणाशी बोलेना.
निरीक्षक मागच्या बाकावर, टकटक टाइप करत.
टेव्हियन ओरडला, सर, आता तुमचा!

मी बोट दाबलं.
पट्टीवर एक राखाडी डाग.
वर्ग गप्प.
मग टेव्हियनच म्हणाला, हळूच, आदरानं,
सर, तुम्ही बँक लुटू शकता.

त्यानंतर जे झालं त्याला
वर्गनियंत्रण म्हणत नाहीत.
निरीक्षक डोळे पुसत होत्या.
अहवालात एवढंच आलं:
'विद्यार्थी सहभाग उत्तम. तासाचं उद्दिष्ट फळ्यावर लिहिलेलं नव्हतं.'

कार्डं भिंतीवर लावली आम्ही.
मारिसेलानं माझ्या डागाखाली लिहिलं,
सर (हजर).

फेब्रुवारीत मी एकदा गाडीतच बसून राहिलो,
शाळेच्या पार्किंगमध्ये, घंटा होऊन गेली तरी.
वाळू उडत होती, समोरची इमारत दिसत नव्हती.
जुन्या फोरमनचा नंबर अजून फोनमध्ये होता.
नदीन बाईंनी काचेवर टकटक केलं,
म्हणाल्या, तुमची मुलं माझ्याकडे बसवलीत,
पण माझ्याकडे खुर्च्या नाहीत.

एप्रिलात पेपर सुटला, चार गुण वर.
जूनमध्ये ईमेल आला, पक्का परवाना जोडून.
शाळेचा प्रिंटर शाईवाचून बंद,
म्हणून फोनवरच दाखवला ओडेलियाला.
तिनं बोटांनी मोठा करून माझं नाव वाचलं,
मग मुदत संपायची तारीख,
मग हात पुढे केला.

सुट्टीत वर्ग रंगवणार, भिंती मोकळ्या करा, असा हुकूम.
कार्डं उपटत गेलो एकेक.
चिकटपट्टी जुनी झालेली,
प्रत्येक कार्डामागे रंगाचा पोपडा निघून आला.
माझ्याही.